सही करण्यापूर्वी : क्रीडा प्रशिक्षणाचे हमीपत्र

उन्हाळ्याची सुट्टी लागली की भिलाईची मैदाने गजबजतात. १९५९ साली येथील पोलाद प्रकल्पात उत्पादन सुरू झाले, भोवती सेक्टरांची वसाहत वाढली आणि तिच्यासोबत क्रीडांगणेही आली. येथील मुलींच्या बास्केटबॉलने तर देशभर नाव मिळविले. प्रशिक्षण शिबिरात पाल्याचे नाव नोंदविताना पालकांपुढे हिंदी वा इंग्रजीत छापलेले एक हमीपत्र येते. कोणत्याही इजेस संस्था जबाबदार राहणार नाही, असा त्याचा आशय असतो. रांगेत उभ्या उभ्या, बहुधा न वाचताच, त्यावर सही होते.

या सहीने नेमके काय घडते? घोटा मुरगळणे, चेंडू लागणे हे खेळातले अंगभूत धोके आपण जाणून पत्करले, याचा तो पुरावा होतो. मात्र मोडकळीस आलेला बास्केटबॉलचा खांब किंवा भर दुपारी पाण्याविना घेतलेला सराव हा निष्काळजीपणा होय, आणि एका छापील ओळीने त्याची जबाबदारी आपोआप संपत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम २३ सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार रद्दबातल ठरविते. शुल्क घेऊन प्रशिक्षण दिले असेल, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चाही आधार मिळू शकतो.

अज्ञान खातेदार ही संज्ञा आमच्या ग्राहकांना परिचित आहे. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे मोहरीबीबी खटल्यात १९०३ साली ठरले. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार पालकही आपल्या शब्दाने पाल्याला व्यक्तिशः बांधू शकत नाही. तेव्हा आपण सही केली म्हणून मुलाचा स्वतःचा हक्क बुडाला, असे समजू नये.

आमच्या मते या कागदातील खरे मोलाचे कलम आरोग्याचे आहे, आणि नेमके तेथेच पालक 'काही नाही' असे लिहून मोकळे होतात. मुलाला संघातून वगळतील, ही भीती त्यामागे असते. छत्तीसगड आणि शेजारच्या विदर्भात सिकलसेल पुष्कळ आढळतो. त्याचा वाहक एरवी निरोगी दिसतो. परंतु कडक उन्हात, शरीरातील पाणी कमी झाले असता, अतिश्रमाने तो कोसळू शकतो. अमेरिकेतील राइस विद्यापीठाचा फुटबॉलपटू डेल लॉइड २००६ साली असाच सरावानंतर दगावला. त्यानंतर २०१० मध्ये तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने पहिल्या श्रेणीच्या खेळाडूंसाठी ही तपासणी लागू केली. गंमत अशी, की तपासणी नको असल्यास तसे लिहून देण्याची सोयही त्या नियमात होती! वाहकाने खेळू नये, असे मुळीच नाही. पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढविलेला सराव एवढे सांभाळले की पुरते. पण त्यासाठी प्रशिक्षकास ठाऊक हवे. दमा, फिट येणे, औषधांची ॲलर्जी यांचीही नोंद अवश्य करावी.

कोरी जागा सोडू नये. लागू नसलेल्या रकान्यावर रेघ मारावी. तातडीच्या उपचारांस संमती देताना दोन दूरध्वनी क्रमांक द्यावेत.

आता विम्याविषयी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वार्षिक २० रुपयांत, अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. परंतु ती १८ ते ७० वयाच्या खातेदारांसाठी आहे आणि उपचारांचा खर्च देत नाही. शाळकरी खेळाडूचे नाव कुटुंबाच्या आरोग्य विम्यात आहे ना, हे पाहून पॉलिसी क्रमांक अर्जावर लिहावा आणि भरलेल्या हमीपत्राची छायाप्रत घरी ठेवावी.