बादलीभर सह्याद्री

दोन फूट लांब आणि एक फूट रुंद फिशटँकचा तळ सव्वा इंच झाकायला साधारण १० किलो रेव लागते. खडे ४ मिलिमीटरचे धरले, तर ते भरतात जवळजवळ एक लाख! त्या सगळ्यांचे पृष्ठभाग उलगडून शेजारी शेजारी अंथरले तर ५५ चौरस फूट होतील, आणि खालची काच आहे अवघी दोन चौरस फूट. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

भीमा, नीरा किंवा प्रवरेच्या पात्रातली रेव असेल, तर तिच्यातला काळा खडा म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा, आपला बेसाल्ट. लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. झिरपणाऱ्या पाण्याने त्या अकीक, झिओलाइट, कॅल्साइटने भरून टाकल्या. काळ्यामध्ये मधूनच तांबडे, दुधी खडे दिसतात ते त्यामुळे. नेवाशाला प्रवरेकाठच्या अशाच रेवेत पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांना अश्मयुगातली हत्यारे सापडली होती. (नदीतून पाटी भरून आणण्याचा मोह मात्र आवरा, ते गौण खनिज आहे. माशांच्या दुकानात चाळलेली रेव मिळते. आणि क्रश सँड नकोच: तिच्या कडा धारदार असतात, तळ उकरत खाणाऱ्या कोरीडोरास माशांच्या मिशा त्यावर सोलवटतात.)

आता धुणे. पूर्वी घरोघरी तांदूळ रोळून खडे टाकून देत. इथे खडे ठेवायचे आणि बाकीचे ओतून द्यायचे. अर्धी बादली रेव घ्या, पाणी सोडा, हात घालून जोरात ढवळा आणि पाणी गढूळ असतानाच ओता. थांबायचे का नाही, याचे उत्तर जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमात आहे. बारीक कणाचा व्यास निम्मा झाला की त्याचा बुडण्याचा वेग चौथाईवर येतो. चार मिलिमीटरचा खडा दहा सेंटिमीटर पाणी अर्ध्या सेकंदाच्या आत पार करतो. एक दशांश मिलिमीटरच्या वाळूच्या कणाला दहा-बारा सेकंद लागतात. आणि दोन मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला? सुमारे आठ तास! न धुतलेल्या रेवेवर पाणी भरले की टाकी दिवसदिवस चहासारखी दिसते ती याच कणांमुळे. पाणी नितळ निघेपर्यंत धूत राहा, मग ते दहावे पाणी असो की विसावे. साबण मात्र अजिबात नको. माशाच्या कल्ल्यांना त्याचा अंशही सोसत नाही.

जंतू मारायला वरून उकळते पाणी ओतले की पुरते. रेव तव्यावर किंवा ओव्हनमध्ये भाजायची नाही. पोकळ्यांत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की दगड फटकन फुटतो, कपच्या डोळ्यात जाऊ शकतात.

खरी गंमत पुढे आहे. पांढरे खडे वेगळे काढा, त्यातले दोन-चार कुटा आणि भुकटीवर व्हिनेगरचे थेंब टाका. अकीक ढिम्म राहतो. कॅल्साइट, शिंपल्याचा तुकडा किंवा नदीकाठच्या मातीतला चुनखडीचा कंकर असेल, तर बारीक फेस येतो. तो कार्बन डायऑक्साइड. फेसणारे खडे फार निघाले तर ती रेव नको, कारण टाकीतही हेच घडते, फक्त सावकाश. माशांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पाणी किंचित आम्लधर्मी होते, चुना विरघळतो, पाणी जड होते आणि पीएच चढतो. त्याने काय बिघडते? मासे अमोनिया सोडतात. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. अमोनिया तेवढाच, विष दहापट! चार पांढऱ्या खड्यांची एवढी चौकशी करायची ती यासाठी.

आणि इथे ते ५५ चौरस फूट कामाला येतात. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू खड्यांना चिकटून राहतात. अशा जीवाणूंचा छडा सर्गेई विनोग्राडस्कीने १८९० च्या सुमारास लावला. नायट्राइटचे नायट्रेट करण्याचे काम नायट्रोबॅक्टर हा जीवाणू करतो, असे पुढे शंभरएक वर्षे सगळे धरून चालले. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तर तिथे काम करत होता नायट्रोस्पायरा! २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारा नायट्रोस्पायराही सापडला.

म्हणजे इतके धुऊन, उकळते पाणी ओतून आपण जी रेव निर्जीव केली, ती पुन्हा जिवंत व्हायला साधारण चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. घाई असेल तर मित्राच्या निरोगी, जुन्या टाकीतली मूठभर रेव न धुता आणा आणि नव्या रेवेवर पसरा. पुढे तळ साफ करताना रेव नळाखाली कधीच धरू नका, नळाच्या पाण्यातले क्लोरीन जीवाणू मारते. टाकीतलेच पाणी नळीने ओढत, एका वेळी निम्माच तळ साफ करा. उरलेला निम्मा पुढच्या खेपेला.