बाई काय काम करते?



"पाड्यांवरच्या बायका घरीच असतात ना? मग त्यांना काही काम का देत नाही?" असे शहरातल्या मंडळ्यांतून आम्हाला अनेकदा विचारले जाते. प्रश्न कळकळीचा असतो, पण आकडे उलटेच सांगतात.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शंभरपैकी सुमारे ४२ स्त्रिया काम करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेल्या, शहरांत जेमतेम १७. (यात लहान मुली आणि वृद्धाही धरलेल्या आहेत.) देशात हिमाचल प्रदेश व नागालँड ४५ च्या आसपास, पंजाब १४ आणि राजधानी दिल्ली ११ च्याही खाली. तेव्हा साक्षरतेत सर्वांच्या पुढे असलेला केरळ १८ वर. म्हणजे पैसा किंवा शिक्षण वाढले की कामकरी स्त्रिया वाढतात, असे काही नाही.

हिमाचलात पुरुष नोकरीसाठी खाली उतरतात आणि डोंगरातली शेती बायकांवर येते. पंजाबात यंत्रे आली, शिवाय बाईने शेतात न जाणे हा घराचा मान ठरला. गुरांचे शेणपाणी तीच करते, पण ते कागदावर क्वचितच चढते. आदिवासी घरांत बाईने बाहेर कामाला जाण्यात कमीपणा कधी मानला गेला नाही, आणि एकाच्या मजुरीवर चूल पेटतही नाही.

प्रश्न आहे तो कोणते काम, याचा. २०२३-२४ च्या केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीनुसार ग्रामीण कामकरी स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के शेतीत आहेत, पुरुषांपैकी ४९ टक्के. पुरुष बांधकामावर, गाडीवर, दुकानात गेले; बाई शेतातच राहिली. देशातल्या कामकरी स्त्रियांपैकी एकतृतीयांशाहून अधिक घरच्याच शेतात किंवा धंद्यात बिनपगारी राबतात.

आपल्या आदिवासी भागातही सगळीकडे सारखे नाही. गडचिरोलीत उन्हाळा जंगलाचा: आधी मोहाची फुले, मग तेंदूपाने. पहाटे पाने खुडायची, दुपारी सत्तर-सत्तरांचे पुडे बांधायचे. मोबदला पुड्यांवर मिळतो, त्यामुळे निदान किती कमावले ते बाईला कळते. पालघरात भातकापणी उरकली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात. नंदुरबारातून ऊसतोडीला गुजरातेत. ऊसतोडीत नवराबायको मिळून "एक कोयता" धरतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. उचल मात्र मुकादम नवऱ्याच्या हातात देतो आणि हिशेबही त्याच्याशीच करतो. वीटभट्टीवर दर हजार विटांचा, नाव पुरुषाचे. हंगामभर राबूनही "तुझी मजुरी किती?" या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसते. रोजगार हमीच्या कामावर हजेरीपटावर तिचे स्वतःचे नाव येते, बायका या कामाला पसंती देतात त्याचे हेही एक कारण असावे.

मोजणीचेही तसेच. प्रगणक दारात येतो, घरातला पुरुष सांगतो, "ती घरीच असते." सरपण आणि पाणी तर कामात धरलेच जात नाही. ते बाजूला ठेवूनही ४२, हे लक्षात घ्यावे.

हे सगळे आम्हालाही उशिराच उमजले. एका वर्षी आम्ही शिवणवर्ग दिवाळीनंतर सुरू केला. यंत्रे आली, शिक्षिका आली, पहिल्या आठवड्यात बायकाही आल्या. पंधरा दिवसांत निम्मी यंत्रे झाकून ठेवावी लागली, कारण पाडा वीटभट्टीवर गेला होता. आम्हीच मनाशी म्हटले, यांना शिकायची आवड नाही. पुढच्या खेपेला विचारायला गेलो तेव्हा एका आजीबाईंनी सांगितले, "लावणी झाली की या. तेव्हा आम्ही असतो."

आता वर्ग श्रावणात लागतो आणि कापणी सुरू झाली की थांबतो. तीन महिन्यांचा अभ्यासक्रम त्यात बसत नाही, म्हणून तो दोन पावसाळ्यांत विभागला आहे.