कलत्या कक्षांची बाजू

दिक्चालन उपग्रहांवर लिहायचं म्हणजे कारगिलपासून सुरुवात, मग आण्विक घड्याळांची रडकथा आणि शेवटी ‘तुमच्या मोबाइलमध्ये नाविक आहे का?’ ही चौकशी, असा एक शिरस्ता पडला आहे. घड्याळं महत्त्वाची आहेतच. पण उपग्रह आकाशात कुठे आहेत आणि तिथे कसे फिरतात, हे कोणी विचारत नाही. मी गेली कित्येक वर्षं तेवढंच विचारत आलो आहे आणि त्यापायी चेष्टाही सोसली आहे.

जीपीएसचा मामला सरळ आहे. वीस हजार किलोमीटरवर, साधारण बारा तासांत एक फेरी घालणारे, सहा प्रतलांत विभागलेले किमान चोवीस उपग्रह. साऱ्या जगाला पुरवायचं तर एवढा पसारा हवाच. रशिया आणि युरोपनेही थोड्याफार फरकाने तेच केलं. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे.

खरी गंमत प्रादेशिक यंत्रणेत आहे. आपल्याच टापूपुरती सोय हवी, तर निम्मा वेळ पृथ्वीच्या पलीकडे असणारे उपग्रह कशाला पोसायचे? छत्तीस हजार किलोमीटरवर, पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याशी ताल राखणारे ठेवले की ते कायम आपल्याकडेच. म्हणून काही विद्वान आजही म्हणतात की विषुववृत्तावर भूस्थिर उपग्रहांची रांग लावा, काम झालं.

त्यांना माझा एकच प्रश्न असतो. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे. त्याच रेखांशावर साडेअठरा अंश दक्षिणेला एक बिंदू घ्या. तो रॉड्रिग्ज बेटाच्या पूर्वेला, भर समुद्रात पडतो. विषुववृत्तावरच्या कुठल्याही उपग्रहापासून या दोन्ही बिंदूंचं अंतर सारखंच. मग तुमच्या रिसीव्हरने कोणता बिंदू धरायचा? ‘उत्तरेचा धरा’ म्हणून ही अडचण टाळता येते, मान्य. पण विषुववृत्ताकडे जावं तसं अक्षांश थोडा बदलला तरी अंतर जवळपास बदलतच नाही. कन्याकुमारीच्या खाली मासेमारी करणाऱ्याला हा हिशेब महागात पडतो. चीनने २००० साली दोन भूस्थिर उपग्रहांवर काम सुरू केलं, तेव्हा उंची नकाशावरून घ्यावी लागे आणि ग्राहकाच्या यंत्राला उलट संदेश पाठवावा लागे. २०१२मध्ये त्यांची प्रादेशिक सेवा सुरू झाली, तेव्हा भूस्थिर पाचांच्या जोडीला पंचावन्न अंश कललेले पाच उपग्रह होते. चीनला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

कक्षा कलवली की उपग्रह दिवसभरात उत्तर-दक्षिण झोके घेतो आणि जमिनीवर त्याची वाट इंग्रजी आठच्या आकड्यासारखी उमटते. आमच्या काळी हा आठ आम्ही आलेखाच्या कागदावर, कॅल्क्युलेटर बडवत काढायचो. मुलं कंटाळायची, पण आठ पूर्ण जुळला की वर्गात आरडाओरडा व्हायचा.

जपानने याच आठचं एक पोट लहान केलं. कक्षा जराशी लंबवर्तुळाकार केली, म्हणजे दूरच्या टोकाला उपग्रह मंदावतो, आणि ते टोक जपानच्या डोक्यावर आणलं. २०१०मध्ये गेलेला ‘मिचिबिकी’ रोज कितीतरी तास टोकियोच्या उंच इमारतींच्या वर लटकलेला असायचा. देखणी कल्पना! पण आपल्याला तिची तेवढी गरज नव्हती. आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत, त्यामुळे आठचं दक्षिणेकडचं पोटही कामी येतं.

आपली, म्हणजे नाविकची, रचना बघा. ३२.५, ८३ आणि १२९.५ अंश पूर्वेला एकेक भूस्थिर. ५५ आणि १११.७५ अंशांवर प्रत्येकी दोन, २९ अंश कललेले. जोडीतला एक उत्तरेला असताना दुसरा दक्षिणेला. पुण्यातून पाहिलं तर ५५ अंशांवरचा उत्तर टोकाला असताना क्षितिजापासून सुमारे ६६ अंश वर असतो आणि दक्षिण टोकाला गेला तरी सुमारे ३२ अंशांच्या खाली उतरत नाही. मावळणं ठाऊकच नाही! अवघ्या सात उपग्रहांत देश आणि सीमेपलीकडचा दीड हजार किलोमीटरचा पट्टा. पहिला १ जुलै २०१३ला गेला, सातवा २८ एप्रिल २०१६ला.

एक गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही. पृथ्वीचं विषुववृत्त नेमकं वर्तुळाकार नाही. त्यामुळे या उंचीवरचे उपग्रह ७५ अंश पूर्व रेखांशाकडे, परातीत सोडलेला वाटाणा तळाला यावा तसे, सरकू पाहतात. आपले सगळेच त्या उतारावर आहेत. त्यांना अधूनमधून इंधन जाळून जागेवर आणावं लागतं. आणि हा रेखांश जातो छत्रपती संभाजीनगरच्या किंचित पश्चिमेकडून!

आजचं चित्र मात्र उदास आहे. उपग्रहांतली आयात घड्याळं बंद पडली. २०१७मध्ये उष्णताकवच न सुटल्याने एक उपग्रह वाया गेला. २०२३चा नाविकचा उपग्रह एनव्हीएस-०१ स्वदेशी घड्याळ घेऊन नीट पोचला. जानेवारी २०२५चा एनव्हीएस-०२ १११.७५ अंशांसाठी होता. इंजिनाकडे ऑक्सिडायझर नेणारे व्हॉल्व्ह उघडले नाहीत आणि तो लंबुळक्या कक्षेतच अडकला. त्या जुलैत संसदेत उत्तर आलं, स्थान सांगू शकणारे चारच उरले आहेत. चार म्हणजे गणित सुटण्यापुरते. एकाने मान टाकली की सेवाच अडली.

यावर आमचे टीकाकार म्हणतात, हे सगळं सोडा आणि जीपीएससारखं जगभर पसरा. जरूर पसरा, पण पुढच्या एनव्हीएसपैकी पहिला कुठे ठेवायचा हे मला कोणी विचारलं तर मी १११.७५ म्हणेन, आणि तोही कललेलाच.