विश्लेषण : लाकडाचा मासा समुद्रात टिकतो कसा? घरच्या घरी ल्यूर बनवताना नेमके काय पाहावे?

मालवणच्या किनाऱ्यावर गरीला कोलंबी किंवा बांगड्याचा तुकडा लावून मासे धरणे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. आता रॉड आणि रीळ घेऊन खडकावर उभे राहणारे हौशीही दिसतात. त्यांच्या दोरीच्या टोकाला असतो ‘ल्यूर’, म्हणजे लाकडाचा किंवा प्लास्टिकचा खोटा मासा. विकतचा चांगला ल्यूर काहीशे रुपयांना पडतो आणि खडकात अडकला की गेला. त्यामुळे तो घरीच बनवावा, असे अनेकांना वाटते. पहिला ल्यूर दिसतो छान, पण चार फेकीत रंग फुगतो किंवा मोठा मासा गरीसकट कडी उपटून नेतो. असे का होते आणि ते कसे टाळायचे?

ल्यूरला मासा फसतो कसा?

तांबोशी, चोणक, गोबरा हे शिकारी मासे हलणाऱ्या सावजावर झडप घालतात. थव्यातला जखमी, लटपटणारा मासा ते आधी टिपतात. फिनलंडमधील मच्छीमार लॉरी रापाला यांनी हे हेरले आणि १९३६ मध्ये बुचाच्या लाकडापासून लटपटत पोहणारा मासा कोरला. चकाकीसाठी चॉकलेटचा चंदेरी कागद आणि वरच्या थरासाठी वितळवलेल्या फोटो निगेटिव्ह वापरल्या. पुढे त्याच नावाची कंपनी जगभर पोहोचली. सुरुवात मात्र सुरी आणि पॉलिश पेपर यांवरच झाली होती.

लाकूड कोणते घ्यावे?

परदेशात बाल्सा वापरतात. आपल्याकडे हलक्या लाकडांत पांगारा आणि सावर आहेत. सावंतवाडीच्या प्रसिद्ध लाकडी फळांसाठीही कारागीर पांगाराच वापरत आले आहेत. हे लाकूड मऊ असल्याने साध्या सुरीने कोरता येते. मात्र ते पूर्ण वाळलेले हवे. ओल्या लाकडावर रंग चढवला तर आतला ओलावा नंतर बाहेर पडू पाहतो आणि रंग सोलतो. रेषा सरळ असलेला, गाठ नसलेला तुकडा निवडावा.

पहिल्या ल्यूरसाठी सुमारे १२ सेंटीमीटर लांब, अडीच सेंटीमीटर उंच आणि दोन सेंटीमीटर जाड ठोकळा पुरतो. माशाचा आकार कागदावर काढून तो ठोकळ्यावर उतरवावा आणि चारही बाजूंनी मधली रेष आखावी. पोटाची खाच आणि तोंडाजवळच्या पट्टीची खाच ठोकळा चौकोनी असतानाच कापावी. गोलाई दिल्यानंतर करवत सरळ चालत नाही आणि खाच तिरकी झाली की ल्यूरही तिरका पोहतो.

स्क्रूची कडी का चालत नाही?

नवशिके बहुधा नाकाला, पोटाला आणि शेपटीला छोटी स्क्रूची कडी फिरवून बसवतात. सागवानात ती धरेल, पांगाऱ्यात नाही. मऊ लाकडाला थोडे जरी पाणी लागले, तरी आटे सैल होतात. मासा लागल्यावर कडी सुटली तर नुकसान फक्त ल्यूरचे होत नाही. तोंडात गरी अडकलेला मासा तसाच निघून जातो.

यावर उपाय म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत एकच अखंड तार. साधारण एक मिलिमीटर जाडीची स्टेनलेस तार घेऊन नाकाशी, पोटाशी आणि शेपटीशी कडी वळवायची आणि ती पोटाच्या खाचेत बसवायची. मग लाकूड फुटले तरी मासा तारेवरच राहतो. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ दर्जाची तार मागावी. ३०४ दर्जाच्या तारेला मिठामुळे बारीक खड्डे पडून गंज लवकर धरतो.

तोंडाखालची पट्टी काय करते?

ल्यूर ओढला की पाणी या पट्टीवर आदळते. त्यामुळे तो खाली जातो आणि दोन्ही बाजूंना हलतो. पट्टी शरीराच्या रेषेत पुढे काढली तर ल्यूर खोल जातो, खाली उभी लावली तर वरच्यावर राहतो. मालवण, निवतीसारख्या खडकाळ भागात नवशिक्याने उभी पट्टी लावावी, म्हणजे पहिल्याच फेकीत ल्यूर खडकात जाणार नाही. दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा पॉलिकार्बोनेटचा तुकडा योग्य. जुनी सीडीही पॉलिकार्बोनेटचीच असते. तिची जाडी १.२ मिलिमीटर असल्याने लहान ल्यूरला ती चालते.

शिसे किती आणि कुठे?

ल्यूरचे खरे गणित इथे आहे. वजन पोटात जितके खाली, तितका ल्यूर पाठ वर ठेवून सरळ राहतो. शिसे कमी पडले तर तो कुशीवर पडतो किंवा गोल फिरतो. जास्त झाले तर त्याची लटपट मरते.

अंदाजाने शिसे चिकटवू नये. आधी लाकडाला सीलरचा एक हात द्यावा, तार आणि पट्टी तात्पुरती बसवावी, गऱ्या अडकवाव्यात. मग शिशाचे तुकडे चिकटपट्टीने पोटाला लावून ल्यूर बादलीत सोडावा. तो आडवा, पाठ जेमतेम पाण्याबाहेर ठेवून तरंगला की जागा आणि वजन ठरले. पुढच्या थरांनी वजन वाढणार असल्याने शिसे किंचित कमीच ठेवावे.

बादलीत लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ घालावे, कारण समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. २० मिलिलिटर आकारमानाच्या ल्यूरसाठी हा फरक अर्ध्या ग्रॅमचा होतो. समुद्रात जेमतेम तरंगणारा ल्यूर म्हणूनच पावसानंतर देवबागजवळ कर्ली नदीच्या खाडीत बुडू शकतो.

शिसे घरात वितळवू नये, त्याची वाफ विषारी असते. तयार तुकडे घ्यावेत आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. वजन ठरल्यावर तार, शिसे आणि पट्टी दोन भागांच्या इपॉक्सीने पक्की करावी. खाच भरायला त्यातच लाकडाचा भुसा मिसळता येतो.

रंगाआधी सीलर इतका महत्त्वाचा का?

लाकूड पाणी पिऊन फुगते, वरचा थर तितका ताणत नाही आणि चीर पडते. त्या चिरेतून आणखी पाणी शिरते. म्हणून रंगाआधी सीलरचे किंवा पातळ इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत आणि प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवावा. तार बाहेर येते त्या जागा विशेष भराव्यात, पाणी तिथूनच आत जाते.

लाखेची चकाकी घरातल्या खेळण्यांवर शोभते, पण पाण्यात राहिल्यास लाख पांढरी पडते. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलाचे तेल लावतात. ते लाकूड राखते, पण त्वचा भाजते. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

रंग आणि शेवटचा थर कसा द्यावा?

आधी पांढरा रंग, मग पाठ गडद आणि पोट फिके. बांगडा, तारली यांचा रंग असाच असतो. मच्छरदाणीचा तुकडा ताणून त्यावरून स्प्रे मारला की खवले उमटतात. बारकाव्यांवर फार वेळ घालवू नये. ल्यूर नीट हलत नसेल तर रंग कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

शेवटचा थर सावकाश घट्ट होणाऱ्या इपॉक्सीचा. दोन्ही भाग पाकिटावरील प्रमाणातच मोजावेत, नाहीतर थर चिकट राहतो. ओघळ येऊ नयेत म्हणून तो घट्ट होईपर्यंत ल्यूर फिरवत ठेवावा लागतो. जुन्या मायक्रोवेव्हमधली तबकडी फिरवणारी छोटी मोटर मिळाली तर हे काम सोपे होते. ती वीजप्रवाहावर चालते, त्यामुळे जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी.

पावसाळ्यात हे काम करता येते का?

राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते आणि समुद्रही खवळलेला असतो. वेळ याच दिवसांत मिळतो, पण दमट हवेत इपॉक्सी धुरकट होते. म्हणून लाकूड मे महिन्यातच वाळवून बंद डब्यात ठेवावे, पावसात कोरीवकाम आणि तारेचे काम करावे, शेवटचे थर कोरड्या दिवसासाठी राखावेत.

पाण्यात उतरवण्याआधी काय तपासावे?

कमी पाण्यात ओढून पाहावे. ल्यूर उजवीकडे पळत असेल तर नाकाची कडी पकडीने अगदी किंचित डावीकडे वळवावी. डावीकडे पळत असेल तर उलट. त्याआधी स्प्रिंग बॅलन्स लावून तार आणि कड्या ओढून पाहाव्यात. दोरी जितका ताण घेते, तितका कडीने घेतलाच पाहिजे.

गरीचे उलटे काटे पकडीने दाबून टाकले तर लहान मासा इजा न होता सोडता येतो आणि बोटात घुसलेली गरीही सहज निघते. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले असून सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचा खडकाळ भाग त्याच्या गाभा क्षेत्रात येतो. त्यामुळे कुठे उभे राहायचे, हे आधी स्थानिक मच्छीमारांना आणि वन विभागाला विचारून घ्यावे. भरतीच्या वेळी खडकावर एकट्याने जाऊ नये.