टाकीवरचे दोन डबे

“सर, तुमच्याकडचे ते दोन डबे आमच्या पाण्याच्या टाकीवर ठेवून द्या की. एकानं ऐकायचं, दुसऱ्यानं बोलायचं. झालं!”

सेनगावातल्या माझ्या ओळखीच्या एका मळणीयंत्रवाल्याचं हे म्हणणं. सोयाबीनच्या हंगामात त्याची तीन यंत्रं तीन शिवारांत असतात. खोलगट रानात मोबाइलला रेंज नसते. साधा पट्टा तुटला तरी मोटारसायकलवर माणूस धाडावा लागतो. माझ्याकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना, गच्चीवर दोन अँटेना, घरात २५ वॅटचे दोन सेट. त्याची गरज खरी होती आणि कल्पनाही चुकीची नव्हती. रिपीटर म्हणजे तेच: उंचावर बसून एका फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं आणि त्याच क्षणी दुसरीवर ते मोठ्यानं सांगायचं.

या ‘त्याच क्षणी’पाशी मी वीस वर्षं रमलो आहे.

मी त्याला घरी बोलावून प्रयोगच दाखवला. एका सेटवर, हौशींच्या दोन मीटर पट्ट्यात, हिंगोलीचा माझा हॅम मित्र स्वच्छ ऐकू येत होता. दुसरा सेट ६०० किलोहर्ट्झ पलीकडे लावला. या पट्ट्यात रिपीटरच्या ऐकण्या-बोलण्यात एवढंच अंतर ठेवतात. बटण दाबून मी माझी कॉलसाइन उच्चारली आणि मित्राचा आवाज गडप झाला. बटण सोडलं की मित्र परत हजर.

हे का होतं? चांगला सेट ०.२ मायक्रोव्होल्ट इतका क्षीण संदेश ऐकतो. शेजारचा सेट २५ वॅटनं बोलतो. या दोन शक्तींचं प्रमाण काढलं तर तीनावर सोळा शून्यं येतात. कानाशी ढोल वाजत असताना पलीकडच्या गल्लीतली कुजबुज ऐकण्यासारखं हे काम. शिवाय कुठलाही सेट नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सीपुरताच बोलत नाही. आजूबाजूला बारीक खरखर सांडतो. ती नेमकी ऐकण्याच्या जागी पडली, तर ऐकणारा सेट कितीही चांगला असो, ती गाळता येत नाही. ती बोलणाऱ्याच्याच तोंडाशी अडवावी लागते.

त्यासाठी कॅव्हिटी. सुमारे अर्धा मीटर उंचीची, आतून गुळगुळीत धातूची नळकांडी; मधोमध एक दांडा. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दोन मीटरच्या थोडी वर, म्हणून तिच्या पाव भागाएवढा दांडा. अशी तीन नळकांडी बोलण्याच्या बाजूला आणि तीन ऐकण्याच्या बाजूला जोडली, की बनतो डुप्लेक्सर. मग एकच अँटेना दोन्ही कामं करते. मी तांब्याच्या नळीचं एक नळकांडं घरीच केलं. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांत ते हुबेहूब जुळलं. मे महिन्याच्या ४२ अंशांत बिघडलं. तांबं एवढंसंच प्रसरण पावतं, पण तेवढ्यानं जुळणी ७० किलोहर्ट्झच्या वर सरकते. म्हणून जाणकार इन्व्हारचा दांडा वापरतात. लोखंड-निकेलचा हा मिश्रधातू शार्ल गियोम यांनी १८९६ मध्ये शोधला, १९२० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तो तांब्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी फुगतो. घड्याळाच्या लंबकासाठी वापरलेला धातू मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रेडिओ सांभाळतो, याचं मला दरवेळी अप्रूप वाटतं.

एका पट्ट्यात ऐकून दुसऱ्या पट्ट्यात बोलणारे क्रॉसबँड सेट मिळतात. पट्टे एकमेकांपासून लांब असल्यानं तिथे डुप्लेक्सरचं बरंचसं ओझं उतरतं. पण हे सेट थोडं बोलून दम खाण्यासाठी बनवलेले. दिवसभर रिपीटर म्हणून राबवले की तापतात, शक्ती घटते, शेवटी जळतात. काही सेटमधला एखादा डायोड काढला की ते हौशी पट्ट्याबाहेरही बोलू लागतात. नेमकी इथेच लोकांची फसगत होते: सेट बोलला म्हणजे परवानगी मिळाली, असं नव्हे.

कायदा थोडक्यात असा. विनापरवाना वायरलेस संच बाळगण्यालाच १९३३ च्या कायद्यानं बंदी घातली. १९७८ च्या हौशी सेवा नियमांनुसार हॅमचा परवाना स्वतःच्या शिक्षणासाठी आणि प्रयोगांसाठी. पैशाचा हेतू नको, धंद्याचे निरोप नकोत. धंद्याला वेगळी फ्रिक्वेन्सी, वेगळा परवाना आणि मान्यताप्राप्त संच लागतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात परवानगीवाचून जाळं उभारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

या बंधनाचं मोल मला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपाशी उमगलं. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी गेलो होतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातली कुजबुज ऐकत होत्या. त्यांच्या ऐकण्यात १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टाही येतो. बेशिस्त सेटची सांडलेली खरखर कुणाच्या कानात जाईल याचा नेम नसतो. दुसरं मोल किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर हौशी रेडिओवाले निरोपांसाठी धावले. आमचा पट्टा धंद्याच्या बोलण्यानं भरलेला असता, तर त्या दिवसांत तिथे जागा कुठून मिळाली असती?

मळणीयंत्रवाल्याला मी नाही म्हटलं आणि दोन वाटा दाखवल्या. जवळच्या अंतरासाठी ४४६ ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त वॉकीटॉकी; त्यांना परवाना लागत नाही. लांबच्यासाठी रीतसर अर्ज. पहिल्यानं एका शिवारापुरतं भागतं, दुसरा त्याला झेपणारा नाही. त्याची ही अडचण सरकारनं ऐकायला हवी. तीन यंत्रांच्या मालकाला परवडेल असा साधा, स्वस्त परवाना तालुक्याच्या गावात मिळाला पाहिजे. तो मिळेपर्यंत त्याचा माणूस मोटारसायकलवरच निरोप नेतो आहे, आणि माझे दोन डबे घरातच आहेत.