समुद्र वाजवतो तो ऑर्गन

सॅन फ्रान्सिस्कोचं 'एक्सप्लोरेटोरियम' हे फ्रँक ओपनहायमर यांनी 1969 साली सुरू केलेलं विज्ञान संग्रहालय. तिथल्या वस्तू हाताळून बघता येतात, म्हणून ते गाजलं. मला मात्र त्यांची सगळ्यांत आवडते ती वस्तू इमारतीत नाहीच. ती आहे खाडीत शिरलेल्या एका दगडी बांधाच्या टोकाला. तिथे ना दार, ना तिकीट.

पीटर रिचर्ड्स हे कलावंत आणि जॉर्ज गोन्झालेझ हे पाथरवट, या दोघांनी 1986 मध्ये तिथे 'वेव्ह ऑर्गन' उभारला. बांध घालताना मोडीत निघालेल्या एका दफनभूमीचे कोरीव ग्रॅनाइट आणि संगमरवर वापरले होते. तसल्याच चिऱ्यांचे इथे कट्टे आणि पायऱ्या झाल्या. त्यांच्यात पीव्हीसी आणि काँक्रीटचे 25 नळ वेगवेगळ्या उंचीवर बसवले. नळाचं एक तोंड पाण्याकडे, दुसरं कान लावता येईल असं कट्ट्यापाशी.

आपल्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनला पितळी रीड असत. इथे तेही नाहीत. लाट खालच्या तोंडात घुसली की नळातली हवा वर ढकलली जाते, ओसरली की खाली ओढली जाते. या धक्क्यांनी हवेचा स्तंभ कंप पावतो आणि आपल्या लांबीप्रमाणे घुमतो. भरती चढते तसं नळात पाणी वर येतं, स्तंभ आखूड होतो, सूर चढतो; लांबी निम्मी झाली तर सूर सप्तकभर वर जातो. अर्थात गाणंबिणं ऐकायला मिळेल या आशेने जाऊ नये. गुडगुड, सुस्कारे, मधूनच ढम्म, एवढंच. तेही वाहनांचा आवाज डोक्यातून गेल्यावर.

ओहोटीला पाणी तोंडांपासून दूर जातं आणि बरेचसे नळ गप्प होतात. त्यामुळे भरतीची वेळ पाहूनच निघावं लागतं. ही वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्र. भिंतीवरच्या फलकाने हे सांगितलं असतं, तर वाचून विसरलो असतो. इथे मात्र वेळ चुकली तर नुसते दगड बघून परतायचं.

वारा पडलेला असेल, तर एखादी बोट जवळून जाण्याची वाट बघावी. बोट पुढे निघून जाते. तिच्या लाटा बांधाशी पोचायला थोडा वेळ घेतात, आणि मग नळ एकेक करून बोलू लागतात.