शेंदुराखालचा शिलालेख

भोपाळ येथील तात्या टोपे नगरात, जवाहर चौकाच्या परिसरात, मराठी बोलणे कानी पडले तर त्यात नवल नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि तिच्याबरोबर अनेक मराठी भाषिक कर्मचारी सहकुटुंब तेथे वस्तीला आले. आजही महाराष्ट्रातून कामानिमित्त अगर सहलीसाठी जाणारी मंडळी तेथे उतरतात, मोठा तलाव पाहतात, एक दिवस सांचीचा स्तूप पाहून येतात आणि परततात. वस्तुतः त्याच दिवशी, थोडे लवकर निघाल्यास, एक दुर्ग आणि एक प्राचीन पाषाणस्तंभ अशी दोन स्थळे सहज पाहून होतात. त्यांपैकी स्तंभाची हकीकत प्रत्येक गावाच्या उपयोगी पडणारी आहे.

दुर्ग रायसेनचा. भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर वालुकाश्माच्या डोंगरावर तो उभा आहे. १५४३ मध्ये शेरशहा सूरीने त्यास वेढा दिला. किल्लेदार पूरणमल अभयवचन घेऊन खाली उतरला. ते वचन पाळले गेले नाही आणि त्याची व त्याच्या माणसांची कत्तल झाली. गडावरील बादल महाल आणि इत्रदार महाल पाहण्यासारखे आहेत. मात्र पाहणाऱ्याने महालांपेक्षा अधिक वेळ पाण्याच्या व्यवस्थेस द्यावा. पठारावर पडणारे पावसाचे पाणी टाक्यांत व तळ्यांत साठविण्याची जी योजना तेथे आहे, तिच्याविना कोणताही वेढा चार दिवसांत संपला असता. सोमेश्वर मंदिराचे दार महाशिवरात्रीस तेवढे उघडते, आणि रमजानच्या महिन्यात रोजा सोडण्याची वेळ गडावरील तोफेच्या आवाजाने कळविण्याची परंपरा आहे.

रायसेनहून सांचीवरून विदिशेस जावे. विदिशा म्हणजे मराठी कागदपत्रांतील भेलसा. हे गाव दीर्घकाळ शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होते. गावाबाहेर, बेतवा आणि बेस या नद्यांच्या परिसरातील बेसनगर या जुन्या नगरीच्या जागी, एक दगडी खांब एकटाच उभा आहे. खाली अष्टकोनी, त्यावर सोळा पैलूंचा, पुढे बत्तीस पैलूंचा आणि शेवटी गोल अशी त्याची घडण आहे. आसपासचे लोक त्यास ‘खांब बाबा’ म्हणून पूजीत आणि पिढ्यान्पिढ्या शेंदूर चढवीत. १८७७ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी हा खांब पाहिला. परंतु शेंदुराच्या जाड थरामुळे त्यांना अक्षरे दिसली नाहीत, आणि घडणीवरून तो गुप्तकाळातील असावा असे त्यांनी ठरविले. हा अंदाज सुमारे पाच शतकांनी चुकला होता.

१९०९ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातील अभियंता लेक यांनी तो थर काढविला, तेव्हा खाली ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख निघाला. तक्षशिलेचा रहिवासी, दियोनचा पुत्र हेलिओदोर हा यवन राजा अंतियाल्किदस याचा राजदूत म्हणून भागभद्र राजाकडे आला होता; स्वतःस भागवत म्हणवून त्याने देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला, असे त्यात नमूद आहे. काळ इसवी सनापूर्वी दुसरे शतक. एका ग्रीकाने वासुदेवाची भक्ती स्वीकारल्याचा इतका जुना पुरावा शेंदुराच्या पापुद्र्याखाली अज्ञात राहिला होता. पुढे १९१३ ते १९१५ या काळात देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी व १९६३ ते १९६५ मध्ये म. द. खरे यांनी येथे उत्खनन केले. खरे यांना स्तंभाहूनही जुन्या, लंबवर्तुळाकार मंदिराचा पाया आढळला.

येथे शेंदूर लावणाऱ्यांस दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. या खांबाच्या ओळीत आणखी खांब होते. त्यांचे खड्डे तेवढे सापडले. पुजला गेलेला खांब मात्र जागेवर राहिला. श्रद्धेने दगड राखला आणि त्याच श्रद्धेने त्याचे बोलणे बंद केले, अशी ही दुहेरी गोष्ट आहे.

महाराष्ट्रात असे दगड गावोगाव आहेत. वेशीवर, मारुतीच्या पारावर, शेताच्या बांधावर वीरगळ असतात. त्यांच्या सर्वांत खालच्या कप्प्यात लढाई किंवा गुरे पळविण्याचा प्रसंग, मधल्यात वीरास नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतात. बांगड्या घातलेला हात कोरलेला असेल तर तो सतीचा दगड. दान मोडणाऱ्यास शाप देणारे गधेगाळ कोकणात विशेष आढळतात. त्यांवर पुष्कळदा लेखही असतो. नागपूरजवळ जुनापाणी येथे शिळावर्तुळे आहेत. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील दफनभूमी होय. हे सारे दगड ऑइलपेंटखाली जात आहेत, बांधकामाच्या पायात जात आहेत, नाही तर जागा बदलून ओळख गमावत आहेत.

शिक्षकांनी मुलांची सहल दूरच्या किल्ल्यावर नेण्यापूर्वी एक दिवस गावातील दगडांसाठी ठेवावा. सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात अक्षरे उठून दिसतात. रात्री विजेरी बाजूने धरली तरी तोच परिणाम साधतो. खडू, पीठ अगर तेल लावून अक्षरे उठविण्याचा मोह टाळावा. दगड तारेच्या ब्रशाने घासू नये. छायाचित्र घ्यावे, मापे लिहावीत, दगड कोणत्या दिशेस तोंड करून उभा आहे ते टिपावे आणि गावातील वृद्ध त्यास काय म्हणतात तेही लिहून ठेवावे. पूजा चालू असेल तर ती थांबविण्याचे कारण नाही. लेखाचा भाग सोडून शेंदूर लावण्यास पुजारी बहुधा राजी होतात.

१९५८ च्या केंद्रीय अधिनियमानुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकास इजा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे. राज्य संरक्षित स्मारकांस १९६० चा महाराष्ट्र अधिनियम लागू होतो. नांगरताना किंवा विहीर खणताना जमिनीतून नाणी, ताम्रपट यांसारखी जुनी मौल्यवान वस्तू निघाल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. वीरगळ किंवा लेख असलेला दगड नव्याने आढळल्यास तो न हलविता तलाठ्यामार्फत तहसील कार्यालयास आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयास लेखी कळवावे. पत्रासोबत दगडाचे छायाचित्र व शेताचा गट क्रमांक जोडावा.